मूकपटाचा मेकअप कॅमेऱ्यात फसतो तेव्हा : काळे ओठ, खोल गाल आणि गोरा कृष्ण

"काका, परत तेच झालं," असा फोन मला, नाटकातल्या रंगभूषाकाराला, वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. कधी कॉलेजचा ग्रुप मूकपटाच्या धाटणीची शॉर्टफिल्म करत असतो, कधी एकांकिकेत मागे जुना सिनेमा चालू दाखवायचा असतो, आणि हल्ली तर लग्नाआधीचे फोटोसुद्धा लोकांना १९२० सालातले हवे असतात. तक्रारी मात्र दोनच. पहिली: ओठ कोळसा फासल्यासारखे आणि गालांना खड्डे. दुसरी नेमकी उलटी: चेहरा पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा, ओठांचा पत्ता नाही, आणि जुनं वाटण्याऐवजी बघणाऱ्याला हसू येतं. गंमत म्हणजे दोघांनी मेकअप एकच केलेला असतो, बहुधा एकाच व्हिडिओवरून.

मेकअप तोच आणि निकाल वेगळा, मग मी "लावलंस काय?" हे नंतर विचारतो. आधी विचारतो, "शूट कशावर केलंस?" त्यावर बहुतेक वेळा "त्याचा काय संबंध?" असं उत्तर येतं. सगळा संबंध त्याचाच आहे.

आधी फिल्मचा डोळा समजून घ्या

मूकपटाचा बहुतेक काळ ज्या फिल्मवर गेला तिला लाल रंग दिसत नव्हता. अगदी सुरुवातीची फिल्म जवळजवळ निळ्यालाच दाद द्यायची. नंतरची ऑर्थोक्रोमॅटिक, आमच्या बोलण्यातली ऑर्थो, हिरवंही पकडू लागली. लालाच्या बाबतीत दोघी आंधळ्या. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो याच कारणाने: प्रिंटच्या कागदाला तो उजेड दिसतच नाही.

ज्याला लाल दिसत नाही त्याच्या लेखी लाल वस्तू काळी. कुंकू काळं, डाळिंबाचे दाणे काळे, भगवा झेंडा जवळजवळ काळा. निळं मात्र पांढऱ्याकडे जातं, म्हणून त्या काळच्या चित्रांत आकाश कोरं असतं आणि ढग हरवलेले असतात. आता आपल्या कातडीत लाली असतेच. नाकाचा शेंडा, गाल, मुरुमांचे डाग, ऊन लागून रापलेलं कपाळ, हे सगळं ऑर्थोवर डागाळून येतं. त्या काळचा सिनेमाचा मेकअप म्हणजे फिल्मच्या या आजारावरचं औषध होतं. तुमच्या मोबाइलला किंवा डिजिटल कॅमेऱ्याला तो आजारच नाही. त्याला लाल छान दिसतो. मग औषध तेवढं चेहऱ्यावर उरतं, आणि ते पिठासारखं दिसतं.

सगळे रंग बघणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म कोडॅकने १९१३ मध्ये केली ती रंगीत चित्रणाच्या एका पद्धतीसाठी. नेहमीच्या विक्रीला ती १९२२ मध्ये आली, आणि तिची किंमत ऑर्थोच्या बरोबरीला यायला १९२६ उजाडलं. म्हणजे ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तो काळ लाल न दिसणाऱ्या फिल्मचा. ग्रँट रोडच्या हॉटेलातून आलेले अण्णा साळुंके त्यात तारामती झाले, आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. हे सांगायचं कारण असं की लोक "फाळक्यांच्या काळासारखं हवं" म्हणतात आणि नमुना म्हणून पाठवतात १९२८ मधल्या एखाद्या हॉलिवूडच्या नायिकेचा फोटो. बारीक कोरलेल्या भुवया, चकाकणारे ओठ, रेशमी उजेड. या दोन गोष्टींमध्ये पंधरा वर्षं आणि एक अख्खी फिल्म आडवी येते. आधी साल ठरवा.

पाच मिनिटांची मनगट-चाचणी

चेहऱ्याला हात लावण्याआधी हे करा. मनगटाच्या आतल्या बाजूपासून कोपरापर्यंत, बोटभर अंतराने पट्टे ओढा: बेस (चेहऱ्यावर सगळीकडे लावायचा मूळ थर), लिपस्टिक, रूज (गालांची लाली), कुंकू, तपकिरी पेन्सिल, निळा लायनर, काजळ. शूटिंगला जो उजेड असेल त्याच उजेडात रंगीत फोटो काढा. मग फोटोच्या कुठल्याही बऱ्या अॅपमध्ये काळा-पांढरा करताना रंगांचं मिश्रण बदलायची सोय असते, तिथे लाल शून्यावर आणा आणि हिरवा-निळा साधारण निम्मे-निम्मे ठेवा. हा झाला ऑर्थोचा अंदाज. हिरवाही काढून फक्त निळा ठेवलात तर अगदी जुन्या फिल्मचा.

आता पट्टे बघा. लिपस्टिक आणि कुंकू काजळाच्या शेजारी जाऊन बसलेले असतील. निळा लायनर जवळजवळ पुसला गेला असेल. आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते बघा: पट्ट्यांच्या मधली तुमची स्वतःची कातडी. तीही दोन छटा खाली उतरलेली असेल. पुढच्या निम्म्या भानगडी तिथूनच सुरू होतात.

रंग बदलणारा एलईडी लाइट असेल तर आणखी सोपं आहे. त्यातला लाल पूर्ण बंद करा, खोलीतले बाकीचे दिवे विझवा, आणि नटीला आरशासमोर बसवा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा समोर बसलेल्या मुलीने आरशात बघून चक्क खुर्ची मागे सरकवली. दोन मिनिटांपूर्वी लावलेले लालचुटुक ओठ शाईसारखे झाले होते, आणि हनुवटीवरचा जो मुरूम आम्हाला दोघांनाही दिसला नव्हता तो तीट लावल्यासारखा उठून आला होता. त्या काळच्या स्टुडिओंतले कूपर-ह्यूइटचे पाऱ्याच्या वाफेचे दिवे असाच निळा-हिरवा उजेड द्यायचे, त्यात लाल जवळपास नव्हताच. म्हणजे तेव्हाचे नट एकमेकांना दिवसभर तशाच प्रेतकळेत बघत अभिनय करत होते. कॅमेरामन निळ्या काचेतून दृश्य बघून घ्यायचे, तो याच चाचणीचा जुना अवतार.

ओठ काळेठिक्कर

हा सगळ्यात जास्त येणारा बिघाड. ऑर्थो फिल्मवर, किंवा वर सांगितलं तसा लाल काढून केलेल्या डिजिटलवर हा होतो. पहिली चूक लाल लिपस्टिक, हे आता कळलंच. पण ती पुसली तरी ओठ काळपटच राहतात आणि तिथे लोक गोंधळतात. ओठांची मूळची लाली फिल्मला तशीच काळी दिसते. म्हणून ओठांवर आधी बेसचा पातळ हात मारून ते चेहऱ्यात मिसळून टाकायचे, आणि मग त्यावर नव्याने ओठ काढायचे.

काढायचे कुठल्या रंगाने? इथे गुलाबी-गुलाबीत फरक आहे. अबोलीकडे झुकणारा गुलाबी, ज्यात केशरी आहे, तो खाली जातो. गुलबक्षीकडे झुकणारा, ज्यात निळ्याची झाक आहे, तो वर येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच गडद वाटतील, फिल्मला वाटणार नाहीत. मी फिका गुलबक्षी घेतो, त्यात नखभर तपकिरी, आणि बोटाने थोपटतो. ब्रशने रेघ ओढली की कड दिसते. मूकपटातल्या नायिकांचे ते चिमुकले बदामी ओठ हवे असतील तर कोपरे बेसनेच बुजवायचे आणि रंग फक्त मधल्या भागात ठेवायचा.

दुसरं कारण मेकअपच्या बाहेरचं आहे. जुन्या सिनेमांच्या ज्या प्रती आपण बघतो त्या बऱ्याचदा प्रतीची प्रत, तिची प्रत अशा असतात. दर पिढीला मधले करडे झडतात आणि काळा-पांढरा तेवढा उरतो. मूळ निगेटिव्हवर मऊ करडे असलेले ओठ आज इंटरनेटवर डांबरासारखे दिसतात. त्या चित्रावरून मेकअप करणं म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून अक्षर गिरवणं. बघायचंच असेल तर नीट दुरुस्त केलेली प्रत बघा.

आणि हो, पान. नटमंडळींना सेटवर पान खाऊ देऊ नका. रंगलेले दात आणि जीभ ऑर्थोवर काळी येते. हसरा राजा बोळका दिसतो. मेंदीचंही तेच, हात कोपरापर्यंत जळल्यासारखे येतात.

गालांना खड्डे, नाक वाकडं

रंगमंचावर रूज लावल्याशिवाय चेहरा जिवंत वाटत नाही, त्यामुळे नाटकातून आलेला रंगभूषाकार हात सवयीने गालाकडे नेतोच. माझाही जातो. ऑर्थोवर रूज म्हणजे सावली. गोबऱ्या मुलीच्या गालावर गुलाबी गोल काढा, पडद्यावर ती आठ दिवसांच्या तापातून उठलेली दिसेल. उपाय एका शब्दाचा आहे: लावू नका.

पण हीच खोड कामाला लावता येते. म्हातारा करायचा असेल, तर गालाचा खळगा, कानशील, नाकाच्या दोन्ही बाजू इथे लालसर तपकिरी हलक्या हाताने द्या. डोळ्यांना ते सौम्य दिसतं, फिल्मवर खोल उतरतं, आणि काळ्या रेघांनी काढलेल्या सुरकुत्यांसारखं खोटं वाटत नाही. उठाव हवा तिथे, म्हणजे गालाच्या हाडावर, फिकट जांभळट छटा द्या.

चेहरा एक, मान दुसरी

आपल्याकडे हा बिघाड परदेशी व्हिडिओंत सांगतात त्याहून जास्त होतो. सावळ्या-गव्हाळ कातडीवरून निळा उजेड कमी परततो, त्यामुळे लाल काढला की ती आणखी गडद होते. चेहऱ्यावर बेस आहे म्हणून तो वर राहतो, आणि मान, कान, हात, पोट खाली बुडतात. मुखवटा घातल्यासारखं दिसतं. बेस मानेच्या खाली कॉलरबोनपर्यंत, कानांच्या मागे, हातांच्या पंजावर, नऊवारी असेल तर पोटऱ्यांवरसुद्धा न्यावा लागतो. वेळ लागतो. सहा पात्रं असतील तर दोन तास जास्त धरा, आणि दिग्दर्शकाला आदल्या दिवशीच सांगा.

बेसचा रंग कातडीपेक्षा एक-दीड छटा फिका आणि पिवळसर-गुलाबी यांच्या मधला. पांढरा नाही. पांढरा बेस हवा तर तो विदूषकाला.

गोरा कृष्ण

हा माझा स्वतःचा पराक्रम. सात-आठ वर्षांपूर्वी एका ग्रुपने पौराणिक मूकपटाची नक्कल करायची ठरवली, आणि ती खऱ्या ऑर्थो फिल्मवर, स्थिरचित्रांच्या मालिकेत. नाटकाच्या सवयीने मी कृष्णाला छान निळा केला. हात, पाय, चेहरा, सगळं. बलराम गोरा म्हणून त्याला नुसता बेस आणि गालावर थोडी लाली. वाड्याच्या चौकात जोडी अशी शोभत होती की शेजारच्या आजींनी दृष्ट काढली.

फिल्म धुऊन आली. कृष्ण चुन्याच्या भिंतीसारखा पांढरा, नाकडोळे पुसलेले, आणि शेजारी बलराम सावळा. पीतांबर पिवळा म्हणून तोही काळवंडला होता. दिग्दर्शक पोरगा बराच वेळ काँटॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फोटोंचा छोट्या आकारातला एकत्र प्रिंट, बघत राहिला आणि मग म्हणाला, "काका, नावं बदलूया का?" मी हिशेबच केला नव्हता. निळं पांढऱ्याकडे जातं हे मला आकाशाच्या बाबतीत माहीत होतं, अंगाच्या बाबतीत डोक्यात आलं नाही. दुसऱ्या खेपेला कृष्णाला तपकिरी-लालसर बेस दिला. चौकात तो कृष्ण वगैरे काही वाटेना, आजींनीही तोंड फिरवलं. फिल्मवर मात्र घननीळ.

त्याच कारणाने नाटकाच्या पेटीतली निळी आयशॅडोही बाजूला ठेवा. रंगमंचावर ती डोळे खोल करते, ऑर्थोवर पापण्या सुजल्यासारख्या उजळतात. खोली हवी तर तपकिरी. निळ्या लेन्स घातलेल्या नटीचे डोळे तर पुतळ्यासारखे कोरे येतात. काजळाची चिंता नको, काजळी सगळ्या फिल्मवर काळीच. फक्त जाड थर देऊ नका. दूरच्या शॉटला जे ठसठशीत वाटतं ते जवळून ठोसा खाल्ल्यासारखं दिसतं.

थर तडकतो

ओठांच्या बाजूच्या घड्या, कपाळ, डोळ्यांचे कोपरे इथे भेगा पडतात. हा फिल्मचा दोष नाही, हा थराचा दोष आहे, आणि तो शंभर वर्षं जुना आहे. नाटकातली ग्रीसपेंटची, म्हणजे तेलकट रंगाची, कांडी, बर्लिनच्या लाइश्नरची किंवा इतर कुणाची, लांबून बघण्यासाठी होती. क्लोजअपमध्ये तीच वाळलेल्या तळ्यासारखी फुटायची. पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या मॅक्स फॅक्टरने १९१४ मध्ये पातळ, क्रीमसारखं ग्रीसपेंट बरणीत भरून आणलं ते यावरच, आणि सिनेमाचा मेकअप नाटकाच्या मेकअपपासून वेगळा निघाला.

आजही उपाय तोच आहे. क्रीम बेस ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने, इतका पातळ की खालचा तीळ जेमतेम दिसावा. नटाला मोठ्याने हसायला लावा, भुवया उडवायला लावा, आणि जिथे घडीत बेस साचला तिथला बोटाने उचला. मग पावडर. पफ दाबायचा, घासायचा नाही. घाम आला तर टिश्यू पेपर टेकवून टिपा. वरून पुन्हा बेस चढवलात की पुढच्या अर्ध्या तासात भेग ठरलेली.

उलटी तक्रार : पिठाचा डबा

तुम्ही डिजिटलवर नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये शूट केलंय, फिका बेस लावलाय, आणि चेहरा भुतासारखा आलाय. इथे दोन वाटा आहेत. एकच निवडा, दोन्हींची खिचडी केली की काम बिघडलंच म्हणून समजा.

पहिली वाट कॅमेऱ्याचा डोळा बदलण्याची. रंगीतच शूट करा आणि नंतर लाल काढा, मग वरचे सगळे नियम जसेच्या तसे लागू. यात अडचण निळ्या चॅनेलची, म्हणजे चित्रातल्या निळ्या भागाची आहे, त्यात खडखड (दाणेदार ठिपके) जास्त असते. वाड्यातल्या पिवळ्या बल्बखाली शूट केलंत तर निळा जवळपास नसतोच, आणि चित्र रवाळ, चौकटी-चौकटींचं होतं. मोबाइलच्या दाबून लहान केलेल्या व्हिडिओत तर फारच. दिवसाच्या रंगाचे दिवे वापरा नाहीतर सरळ उन्हात या. पातळ पांढऱ्या कापडाखाली गाळलेलं ऊन मिळालं तर त्याच्यासारखा दिवा नाही. खरी ऑर्थो वापरणाऱ्यांनाही हेच: इल्फर्ड कंपनीची ऑर्थो प्लस फिल्म उन्हात ८० आयएसओची (आयएसओ म्हणजे उजेड पकडायच्या ताकदीचं माप) आहे आणि बल्बखाली ४० ची, कारण बल्बच्या उजेडातला लाल तिला फुकट.

दुसरी वाट पडद्यावर दिसतं तेच थेट रंगवण्याची. कॅमेरा आहे तसा राहू द्या. बेस कातडीच्या रंगाचाच, फार तर अर्धी छटा फिका. ओठ गडद जांभळट तपकिरी, कारण लाल लिपस्टिक या कॅमेऱ्यात फिकट करडी होऊन गायब होते. कुंकूही तसंच विरघळतं; तिथे काळी टिकली लावा, कुणाला कळणार नाही. नाटकासाठी मागे पडद्यावर चालवायचं असेल तर मी हीच वाट सुचवतो, कमी वेळात होते आणि सगळं डोळ्यांना आधी दिसतं.

साल १९२८ च्या आसपासचं हवं असेल, तर फिका बेस विसरूनच जा. तोवर पॅनक्रोमॅटिक फिल्म आणि साध्या विजेच्या बल्बचे दिवे स्टुडिओत आले होते, जुना मेकअप त्यात विद्रूप दिसू लागला, आणि मॅक्स फॅक्टरने त्याच वर्षी कातडीच्या रंगाजवळ जाणारा नवा पॅनक्रोमॅटिक मेकअप काढला. त्याच १९२८ मध्ये डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरने जोन ऑफ आर्कवरचा सिनेमा पॅनक्रोमॅटिकवर नटांना मेकअप न करता काढला. घामाचं टिपूस, ओठांवरची साल, सगळं दिसतं. तसा चेहरा हवा असेल तर माझी गरजच नाही, मला द्यायचे पैसे वाचवा.

एक गोष्ट अजिबात करू नका

"अस्सल" दिसावं म्हणून काही मुलं पूजेच्या दुकानातून शेंदूर आणि हिंगूळ, रंगाच्या दुकानातून सफेदा आणतात. जुन्या रंगपटात हे वापरायचे, खरं आहे. पण अस्सल शेंदूर आणि जुना सफेदा म्हणजे शिसं, हिंगूळ म्हणजे पारा. ओठाला तर नाहीच, गालालाही नको. पांढरा हवा तर झिंक ऑक्साइडचा घ्या, आणि कुठलाही रंग आदल्या रात्री कानामागे लावून बघा.

एवढं करूनही अडलात तर फोन करा, मी रागावत नाही. फक्त त्याआधी मनगटावरच्या पट्ट्यांचा तो फोटो पाठवा. रंगीतच पाठवा, काळा-पांढरा करून पाठवलात तर मला काहीच सांगता येणार नाही.